हिवाळ्याच्या आकाशात कशासाठी जागायचं, कशासाठी नाही

मृग नक्षत्र कधी लागतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि पेरणीच्या बोलण्यांना सुरुवात होते. पण डिसेंबरातल्या एखाद्या रात्री कुणी पूर्वेकडे बोट दाखवून ‘तो बघ मृग’ म्हणालं, की ऐकणारा बुचकळ्यात पडतो. पावसाळ्याचा मृग थंडीत कसा काय दिसतो?

जूनमध्ये मृग ‘लागतो’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. तेव्हा मृगाचे तारे सूर्याच्या संगतीनं उगवतात आणि त्याच्याच संगतीनं मावळतात. दिवसभर डोक्यावर असूनही ते उजेडात दिसत नाहीत. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असते, त्यामुळे सहा महिन्यांनी ती बरोबर पलीकडच्या बाजूला पोचते. रात्री आपलं तोंड नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असतं. जूनमध्ये सूर्यामागे दडलेला मृग म्हणून डिसेंबरात सूर्याच्या समोर येतो. सूर्य पश्चिमेला मावळला, की तासाभरात तो पूर्वेला उगवतो आणि पहाटेपर्यंत आपल्या सोबतीला राहतो.

‘सूर्याच्या समोर’ ही कल्पना नीट बसली, की हिवाळ्याच्या आकाशातली निम्मी कोडी सुटतात. पौर्णिमेचा चंद्र थंडीत इतका उंच का चढतो, गुरू आणि मंगळ एखाद्या वर्षी अचानक एवढे तेजस्वी का होतात, याची उत्तरं तिथंच आहेत. ती ओघात येतीलच.

आणखी एक हिशोब लक्षात ठेवावा. प्रत्येक तारा रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. डिसेंबरच्या मध्याला रात्री दहाला जे आकाश दिसतं, तेच जानेवारीच्या मध्याला आठला दिसतं. थंडीत जागायचा कंटाळा असेल, तर महिनाभर थांबलं की झालं. शिवाय आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. मुंबई त्या रेषेच्या बरीच पश्चिमेला, नागपूर त्यामानानं जवळ. त्यामुळे तोच तारा नागपूरकरांना मुंबईकरांपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटं आधी दिसतो. मोबाइलवर फिरत येणारी वेळ नेमकी कुठल्या गावची, हे म्हणून विचारून घ्यावं.

मृगापासून सुरुवात

चार कोपऱ्यांना चार तारे, हे मृगाचे चार पाय. मधोमध एका ओळीत तीन तारे, हा व्याधानं मारलेला बाण. खेड्यापाड्यांत यालाच तिकांडं म्हणतात. हे तीन तारे एकदा ओळखले, की दुसऱ्या कुठल्या नकाशाची गरज उरत नाही. संध्याकाळी मृग पूर्वेला उगवतो, तेव्हा तो आडवा झालेला असतो आणि बाण जवळजवळ उभा दिसतो. बाणाची रेघ खाली क्षितिजाकडे वाढवली की व्याध लागतो. वर वाढवली की लालसर रोहिणी, आणि त्याही वर कृत्तिकांचा पुंजका. व्याध मृगाच्या तासभर नंतर उगवतो, तेव्हा लगेच दिसला नाही तर नेम चुकला असं समजू नये.

व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. क्षितिजाजवळ असताना तो लाल, हिरवा, निळा असा रंग बदलत लुकलुकतो आणि दर हिवाळ्यात कुणाला तरी तो ड्रोन वाटतो. रंगांचा हा खेळ ताऱ्याचा नाही, आपल्या हवेचा आहे. क्षितिजालगतच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. त्या थरातले गरम-थंड पट्टे प्रकाश इकडेतिकडे वळवतात आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वळतो. तारा वर चढला की हे थांबतं आणि व्याध शुभ्र दिसू लागतो.

मृगाचा एक पाय तांबूस आहे आणि त्याच्या तिरकस समोरचा निळसर पांढरा. तांबूस तो काक्षी, इंग्रजीत बीटलज्यूज. निळसर तो राजन्य, म्हणजे रायजेल. रंगातला हा फरक नुसत्या डोळ्यांनाही जाणवतो आणि तो तापमानाचा आहे: राजन्याचा पृष्ठभाग काक्षीच्या तिपटीहून अधिक तापलेला आहे. काक्षी म्हातारा तारा आहे, फुगून अवाढव्य झालेला. तो सूर्याच्या जागी आणून ठेवला, तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. २०१९च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२०पर्यंत इतका फिका पडला, की नेहमी आकाश बघणाऱ्यांना मृगाची आकृतीच वेगळी दिसू लागली. आता याचा स्फोट होणार, अशा बातम्या झाल्या. प्रत्यक्षात ताऱ्यानं वायूचा मोठा लोट बाहेर टाकला होता, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या दृष्टीच्या आड आली. एप्रिल-मेपर्यंत काक्षी पूर्ववत झाला. त्याचा स्फोट कधीतरी होणार हे खरं आहे, पण तो येत्या एक लाख वर्षांत कधीही होऊ शकतो. त्यासाठी रजा टाकण्यात अर्थ नाही.

बाणाच्या खाली तीन अंधूक तारका लटकल्यासारख्या दिसतात. त्यातली मधली तारका नव्हेच, तो तेजोमेघ आहे: सुमारे १,३०० प्रकाशवर्षं (प्रकाश एका वर्षात कापतो ते एक प्रकाशवर्ष) अंतरावरचा वायूचा प्रचंड ढग, ज्यात आत्ताही नवे तारे जन्माला येत आहेत. साध्या दुर्बिणीतून तो धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. फोटोतले गुलाबी-जांभळे रंग मात्र शोधू नयेत. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, कॅमेरा मिनिटामिनिटांचा प्रकाश साठवून ते दाखवतो.

अशी अंधूक वस्तू बघण्याची एक युक्ती आहे. तिच्याकडे थेट न बघता थोडं बाजूला बघायचं. बुबुळासमोरचा डोळ्याचा मधला भाग उजेडात बारकावे टिपायला चांगला, अंधारात मात्र कामाचा नाही. मंद प्रकाश पकडणाऱ्या पेशी त्याच्या भोवती असतात. डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर, जरासा उत्तरेकडे, देवयानी या तारकासमूहात एक पुसट डाग असतो. काळोख्या जागी तिरक्या नजरेनं तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. ती आपल्याच आकाशगंगेसारखी दुसरी दीर्घिका आहे, २५ लाख प्रकाशवर्षांवरची. माणसाला दुर्बिणीशिवाय सहज दिसणाऱ्यांत याहून दूरचं काही नाही. एखाद्या पुसट डागासाठी एवढा आटापिटा कशाला, असं वाटणाऱ्यांनी हा परिच्छेद विसरावा. मला तो डाग अख्ख्या हिवाळ्यात सगळ्यांत जास्त आवडतो.

हिवाळ्यातलं आकाश इतकं झगझगीत का, याचं कारण बहुतेक जण स्वच्छ हवा असं देतात. ते अर्धंच खरं. रात्रीच्या सर्वांत तेजस्वी दहा ताऱ्यांपैकी सहा याच भागात आहेत: व्याध, अगस्त्य, ब्रह्महृदय, राजन्य, प्रश्वा आणि काक्षी. आपला सूर्य आकाशगंगेच्या एका छोट्या भुजेत आहे. हिवाळ्यातल्या रात्री आपण आकाशगंगेच्या केंद्राकडे पाठ करून बाहेरच्या बाजूला बघत असतो आणि त्या बाजूला आपल्याच भुजेतले तरणे, दणदणीत तेजाचे तारे जवळ जवळ बसलेले आहेत. उन्हाळ्याच्या रात्री केंद्राकडे बघताना याच्या कितीतरी पट तारे समोर असतात, पण ते दूरचे. त्यांचा नुसता धुरकट पट्टा होतो.

हवेची गोष्ट वेगळीच आहे. पावसानं धूळ बसवलेली असते आणि वारा कोरडा असतो, म्हणून नोव्हेंबरचं आकाश खरोखर सुंदर असतं. पण थंडी वाढली, की शहरांवर रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो. वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि धूर-धूळ खालीच अडकते. मुंबई-पुण्यात जानेवारीत सकाळी जे धुरकं दिसतं, ते रात्रीही असतं. म्हणून शहराबाहेर पडायचं ते नुसत्या दिव्यांसाठी नाही.

अगस्त्याचा मान

व्याधाकडे तोंड करून नजर सरळ दक्षिणेला खाली न्यावी. क्षितिजाच्या थोडं वर एक पिवळसर पांढरा तारा एकटाच तळपताना दिसतो. हा अगस्त्य, तेजात व्याधाच्या खालोखाल. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेला आणि समुद्र प्यालेला ऋषी आपल्या पूर्वजांनी आकाशाच्या दक्षिण टोकाला, जिथं खाली समुद्र असतो तिथं, बसवला. पावसाळा सरत आला की तो पहाटे दिसू लागतो. पंचांगातही त्याच्या उदयाची नोंद असते.

व्याध तेजस्वी दिसतो तो मुख्यतः जवळ असल्यामुळे, अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर. अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षं दूर आहे आणि तरीही दुसऱ्या क्रमांकावर. म्हणजे प्रत्यक्षात तो सूर्याच्या सुमारे दहा हजारपट प्रकाश फेकतो. आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा साताऱ्यात शाहू महाराजांचं राज्य होतं.

अगस्त्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तो आकाशाच्या मध्यरेषेच्या, म्हणजे विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या रेषेच्या, जवळजवळ ५३ अंश दक्षिणेला आहे. तुम्ही जितके उत्तरेला, तितका तो क्षितिजाकडे सरकतो. पणजीहून तो सुमारे २२ अंश वर चढतो, पुण्या-मुंबईहून १८-१९, नागपूरहून १६, दिल्लीहून जेमतेम ९. अंश मोजायला हात लांब करून मूठ धरावी, ती साधारण दहा अंशांची असते. साधारण ३७ अंशांच्या उत्तरेला तो उगवतच नाही. लंडन, न्यू जर्सी किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी माणसानं अख्खा हिवाळा जागून काढला तरी त्याला अगस्त्य दिसायचा नाही. गावी आल्यावर मात्र बघून जावं. त्यासाठी फेब्रुवारी सगळ्यांत सोयीचा, तेव्हा रात्री नऊ-साडेनऊला तो आपल्या सर्वांत वरच्या जागी असतो. अट एकच: दक्षिणेला इमारती नकोत.

उल्कांचा ‘पाऊस’

दर डिसेंबरात बातमी येते: आज रात्री ताशी दीडशे उल्का. लोक रात्री गच्चीवर जातात, अर्धा तास मान वर करून बसतात, दोन-तीन रेघा दिसतात आणि चिडून खाली येतात. बातमी खोटी नसते. तिच्यातल्या आकड्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

उल्का म्हणजे तुटणारा तारा नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. धूमकेतू किंवा क्वचित एखादा लघुग्रह सूर्याभोवती फिरताना मागे बारीक कण सांडत जातो. पृथ्वी दरवर्षी ठरलेल्या तारखेला त्या कणांच्या पट्ट्यातून जाते. वाळूच्या किंवा मटकीच्या दाण्याएवढे कण सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं हवेत घुसतात. जमिनीपासून साधारण १०० किलोमीटर उंचीवर त्यांच्यासमोरची हवा दाबली जाऊन तापते, कण जळतो आणि त्याच्याभोवतीची हवा प्रकाशमान होते. आपल्याला दिसते ती रेघ मुख्यतः या तापलेल्या वायूची.

हे सगळे कण एकमेकांना समांतर येतात. तरी एकाच बिंदूतून फुटल्यासारखे दिसतात, जसे रेल्वेचे समांतर रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे भासतात. तो बिंदू ज्या राशीत, त्या राशीचं नाव वर्षावाला मिळतं. डिसेंबरचा मिथुनेतून येतो, नोव्हेंबरचा सिंहेतून.

आता आकडा. ताशी १२० ते १५० हा दर मोजताना तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: तो बिंदू बरोबर डोक्यावर आहे, आकाश संपूर्ण काळोखं आहे, आणि बघणाऱ्याला सगळं आकाश मोकळं आहे. यातली एकही गोष्ट कमी पडली की आकडा कोसळतो, कारण बहुसंख्य उल्का मंदच असतात. दिव्यांमुळे अंधूक तारे बुडाले, की अंधूक उल्काही बुडतात. ज्या उपनगरातून जेमतेम ठळक नक्षत्रं ओळखू येतात, तिथं दीडशेच्या दहा-बारा उरतात. मुंबईच्या मध्यवस्तीत चार-पाच. खरोखर काळोख्या माळरानावर मात्र ताशी पन्नास-साठ सहज मोजता येतात, आणि तो अनुभव बातमीच्या तोडीचा असतो.

वर्षभरातल्या वर्षावांमध्ये फक्त एकासाठी झोप मोडायची झाली, तर ती मिथुनेतल्या उल्कांसाठी मोडावी. पहिलं म्हणजे आकडा मोठा. दुसरं, त्या सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगानं येतात. उल्कांच्या मानानं हा वेग सावकाश, त्यामुळे शेजाऱ्याला ‘तो बघ’ म्हणायला क्षणभर तरी मिळतो. तिसरं, मिथुन रास संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास उगवते. इतर बहुतेक वर्षावांचा खरा जोर मध्यरात्रीनंतर असतो, कारण पृथ्वी ज्या दिशेनं धावते ती बाजू तेव्हा आपल्या डोक्यावर येते आणि ती कणांना समोरून धडकते. मिथुनेच्या उल्का रात्री दहापासूनही बघता येतात. पहाटे अडीचच्या सुमारास मिथुन जवळजवळ डोक्यावर असते, तीच वेळ उत्तम.

या वर्षावाचा उगमही मजेदार आहे. हा वर्षाव १८६२पासून नोंदलेला आहे, पण त्याचा धूमकेतू सुमारे एकशेवीस वर्षं सापडत नव्हता. १९८३मध्ये इरास या अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक खडक सापडला आणि त्याची कक्षा या कणांशी तंतोतंत जुळली. फेथॉन त्याचं नाव. व्यास पाच-सहा किलोमीटर, रूप लघुग्रहाचं, शेपटी फुटणाऱ्या बर्फाळ धूमकेतूचं नाही. पण तो दर ५२४ दिवसांनी सूर्यापासून अवघ्या दोन कोटी किलोमीटरवरून जातो, बुधापेक्षाही कितीतरी आतून. त्या भट्टीत त्याचा पृष्ठभाग ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि तडकतो. तरीही आज तो जेवढी धूळ सोडतो, तेवढ्यानं हा दाट पट्टा तयार होत नाही. पूर्वी कधीतरी त्याच्यात मोठी मोडतोड झाली असावी, असं अभ्यासकांना वाटतं.

२०२६च्या डिसेंबरात योग चांगला जुळून आला आहे. अमावास्या ९ तारखेला आहे. वर्षावाचा जोर १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री असेल, तेव्हा चंद्राची बारीक कोर रात्री दहा-साडेदहापर्यंत मावळलेली असेल. उल्कांचा खरा वैरी ढग नाही, चंद्र. ढग सरकतो, चंद्र मात्र आठवडाभर ठाण मांडून बसतो. कुठल्याही वर्षी वर्षावाची बातमी वाचली, की आधी पंचांगात तिथी बघावी. अष्टमीच्या पुढे आणि पौर्णिमेच्या आसपास असेल, तर गजर लावायची घाई नको.

बाकीच्या दोन वर्षावांबद्दल थोडक्यात. १७-१८ नोव्हेंबरच्या सिंहेतल्या उल्का इतिहासात गाजलेल्या. त्यांचा धूमकेतू टेम्पल-टटल सुमारे ३३ वर्षांनी परततो आणि त्या सुमारास कधीकधी वादळ उठतं, १८३३मध्ये अमेरिकेत लोकांना जगबुडी आली असं वाटलं होतं. एरवीच्या वर्षी ताशी दहा-पंधरा, त्याही सेकंदाला ७१ किलोमीटर वेगानं, डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणाऱ्या. ३-४ जानेवारीचा वर्षाव आकड्यानं मिथुनेच्या तोडीचा, पण त्याचा जोर मोजून पाच-सहा तास टिकतो आणि तो उत्तरेकडून येतो. आपल्याकडे त्याचा बिंदू रात्री दीडनंतर उगवतो. २०२७मध्ये चंद्र त्रास देणार नाही आणि ४ जानेवारीची पहाट त्याच्या जोराच्या बरीच जवळ आहे. डिसेंबरची रात्र हुकली, तर हा दुसरा डाव.

पाहायची रीत सोपी. दुर्बीण घरी ठेवावी, तिच्यात आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो. सतरंजी पसरून उताणं पडावं. मिथुनेकडेच टक लावायची गरज नाही, लांब रेघा तिच्यापासून दूर दिसतात. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की तो हिशोब पुन्हा पहिल्यापासून. नेमकं हेच कुणाला पाळवत नाही.

जागा कुठली? मुंबईचे हौशी आकाशनिरीक्षक वर्षानुवर्षं कर्जत मार्गावरच्या वांगणीला रात्र काढायला जातात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून लोकांना आकाश दाखवते आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं अशा एखाद्या मंडळाबरोबर जाणं शहाणपणाचं. विदर्भातल्यांना तर घरच्या जवळच ठेवा आहे: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोखं आकाश जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली.

समोर आलेले ग्रह

आता पुन्हा ‘सूर्याच्या समोर’. गुरू किंवा मंगळ सूर्याच्या बरोबर उलट दिशेला आला, की त्याला प्रतियुती म्हणतात. सूर्य, मधे पृथ्वी आणि पलीकडे ग्रह. त्या दिवसांत ग्रह आपल्याला सर्वांत जवळ, सर्वांत तेजस्वी आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत आकाशात असतो. गुरूची प्रतियुती दर १३ महिन्यांनी येते, मंगळाची सुमारे २६ महिन्यांनी. फेब्रुवारी २०२७मध्ये दोन्ही एकाच महिन्यात आहेत आणि दोन्ही सिंहेत: गुरूची १०-११ तारखेच्या सुमारास, मंगळाची १९ला.

गुरू तेव्हा सुमारे ६५ कोटी किलोमीटरवर असेल. साध्या दुर्बिणीतून, हात गच्चीच्या कठड्यावर नीट टेकवून बघितलं, तर त्याचे चार मोठे चंद्र ठिपक्यांसारखे ओळीत दिसतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागा बदललेल्या असतात. जानेवारी १६१०मध्ये गॅलिलिओनं हेच टिपून ठेवलं आणि सगळं काही पृथ्वीभोवती फिरतं या समजुतीला तडा गेला. मुलांना एकच काही दाखवायचं असेल तर हे दाखवावं, सलग चार-पाच रात्री.

मंगळाच्या प्रतियुत्या मात्र सगळ्या सारख्या नसतात. त्याची कक्षा बरीच लंबगोल आहे. २००३च्या ऑगस्टमध्ये तो ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता, २०२७मध्ये १० कोटी किलोमीटरच्या थोडा पलीकडे राहील. म्हणजे तो ठळक, केशरी, सुंदर दिसेल, पण छोट्या दुर्बिणीत फारसा मोठा दिसणार नाही. २००३पासून दरवर्षी फिरणारा ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप तेव्हा नक्की परत येईल. तो पुढे पाठवू नये, एवढीच विनंती.

शुक्र आणि बुध कधीच सूर्याच्या समोर येत नाहीत, कारण ते आपल्या आतल्या कक्षेत फिरतात. शुक्र २०२६-२७च्या हिवाळ्यात पहाटेचा आहे. नोव्हेंबर २०२६पासून सूर्योदयाआधी पूर्वेला तो असा तळपेल, की विमानाचा दिवा वाटावा. ३ जानेवारीच्या सुमारास तो सूर्यापासून जास्तीत जास्त दूर असेल. शनी संध्याकाळी आकाशात आहे, बघून घ्यावा.

राहिला चंद्र. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. थंडीत सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, म्हणून पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडे चढतो. २४ डिसेंबर २०२६ची पौर्णिमा त्या वर्षातली पृथ्वीच्या सर्वांत जवळची, सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरवरची. ‘सुपरमून’ म्हणून ती गाजेल. सर्वांत लहान पौर्णिमेपेक्षा तो सुमारे १४ टक्के मोठा असतो, पण शेजारी तुलनेला दुसरा चंद्र नसल्यानं डोळ्यांना फरक कळत नाही. त्यापेक्षा मध्यरात्री मान वर करून बघावं: आपल्या अंगणातून तो डोक्यावरूनही किंचित उत्तरेकडे गेलेला असेल. सुपरमूनचं कौतुक करणारे हे सहसा सांगत नाहीत.

आपल्या महिन्यांची नावं याच पौर्णिमांवरून आली आहेत. कार्तिकात पूर्ण चंद्र कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगाजवळ, पौषात पुष्याजवळ, माघात मघेजवळ. माघ पौर्णिमा २०२७मध्ये २० फेब्रुवारीला आहे आणि त्या रात्री हे अगदी ठळकपणे दिसेल. पूर्ण चंद्र मघा ताऱ्याच्या शेजारी, प्रतियुती होऊन एकच दिवस उलटलेला मंगळ तिथंच, आणि थोडा पश्चिमेला गुरू. एकाच सिंहेत हे सगळं. त्याच रात्री, २१ तारखेच्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास, चंद्र पृथ्वीच्या विरळ सावलीत सर्वांत खोल गेलेला असेल. याला छायाकल्प ग्रहण म्हणतात. चंद्राची एक कड किंचित मळकट वाटेल, इतकंच, आणि सांगितलं नाही तर बहुतेकांना कळणारही नाही. ग्रहणासाठी पहाटे उठण्यात फारसा अर्थ नाही. रात्री जेवणं आटोपून नऊ वाजता पूर्वेकडे बघितलं, तर चंद्र, मंगळ, मघा आणि गुरू चौघेही वर आलेले सापडतील.